हँडब्रेक सैल झालाय? केबलचा नट आवळण्याआधी या चुका टाळा

पूर्वी पाच-सहा खटक्यांत घट्ट होणारा हँडब्रेक आता नवव्या-दहाव्या खटक्यापर्यंत वर येतो आणि तरी सिंहगडावर चढावर लावलेली गाडी मागे सरकते. अशा वेळी बहुतेक जण दांड्याखालचं कव्हर काढून केबलचा नट आवळतात. सगळ्यात मोठी चूक हीच.

मीही ती केलीय. तिसऱ्या खटक्याला गाडी खिळली आणि काम झालंसं वाटलं. कात्रजचा जुना घाट उतरून खेड शिवापूरला थांबलो, तर मागच्या चाकातून जळका वास येत होता आणि रिमला हात लावता येत नव्हता.

सैलपणा बहुधा ड्रमच्या, म्हणजे मागच्या चाकासोबत फिरणाऱ्या ब्रेकच्या डब्याच्या आत असतो. ड्रमला आतून दाबून चाक थांबवणारे कमानदार तुकडे म्हणजे शू, आणि त्यांच्यावरचा घासला जाणारा थर म्हणजे लायनर. लायनर झिजला की शू आणि ड्रममधलं अंतर वाढतं. ते तसंच ठेवून केबल ताणली, तर शूला जोडलेली पार्किंगची लिव्हर पूर्ण मागे येत नाही. शू घासत राहतात आणि बऱ्याच गाड्यांमधला आपोआप अंतर जुळवणारा अ‍ॅडजस्टरही अडकून बसतो.

म्हणून आधी केबल पूर्ण सैल करा आणि ड्रम काढून लायनर बघा. पेडल दाबल्यावर शू बाहेर ढकलणारा व्हील सिलिंडर गळून लायनरला ब्रेक ऑइल लागलं असेल, तर अ‍ॅडजस्टमेंटने काही होणार नाही. सिलिंडरचं काम करून दोन्ही बाजूंचे शू बदला. सगळं ठीक असेल तर अ‍ॅडजस्टरचं दातेरी चाक एकेक दात फिरवत जा. ड्रम चढवून हाताने फिरवल्यावर हलकीशी घसघस ऐकू आली पाहिजे, चाक अडता कामा नये. मग ब्रेक पेडल काही वेळा दाबून शू मधोमध बसू द्या. केबलचा नंबर सगळ्यात शेवटी. खटके किती हवेत ते मॅन्युअलमध्ये असतं. दांडा खाली असताना दोन्ही चाकं मोकळी फिरली पाहिजेत.

एकच चाक धरत असेल तर केबलवर संशय घ्या. ड्रमकडचं टोक सोडवून हाताने ओढा. सरसर सरकली नाही तर आत गंज आहे. फाटलेल्या रबरातून पावसाळ्याचं पाणी आत शिरतं. तेल सोडून चार दिवस निभतं, केबल बदलावीच लागते. पुण्यात नाना पेठेतल्या स्पेअर पार्टच्या दुकानात घ्यायला जाताना जुनी केबल सोबत न्या, कारण काही गाड्यांत डावी-उजवीची लांबी वेगळी असते.

ड्रममधली धूळ हवा मारून उडवू नका. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. ब्रेक क्लीनर किंवा ओलं फडकं वापरा. या कामात हँडब्रेक सोडलेलाच असतो, तेव्हा पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावा. नुसत्या जॅकवर विसंबू नका, खाली स्टँड हवाच.

काम झाल्यावर सोसायटीच्या रॅम्पवर गाडी न्यूट्रल करा, हँडब्रेक ओढा आणि पेडलवरचा पाय हळूहळू उचला. मागे कुणी उभं नाही ना, ते आधी बघा.