फेब्रुवारीनंतरची घरटी : हॅचरीतली वाळू गार कशी राखायची

पहिल्या वर्षी माझ्या हातून समुद्री कासवाचं एक घरटं गेलं. मार्चमधलं होतं. पन्नास दिवस उलटले तरी वरची वाळू खचेना, म्हणून परवानगी घेऊन उकरलं. आत पूर्ण वाढलेली पिल्लं होती, पाठीवर कवच धरलेली, पण एकही जिवंत नव्हतं. त्या हॅचरीवर, म्हणजे अंडी आणून पुरायच्या राखलेल्या जागेवर, सावली नव्हती आणि वाळू किती तापते हे आम्ही एकदाही मोजलं नव्हतं. नव्यानं कासवमित्र, म्हणजे घरटी राखणारे, होणाऱ्यांसाठी लिहिते आहे ते म्हणूनच.

आपल्या कोकण किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले या समुद्री कासवाच्या माद्या साधारण नोव्हेंबर ते मार्च अंडी घालतात. रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं २००२ मध्ये हे काम उभं केलं, तेव्हा मुख्य शत्रू अंडी चोरणारे, कुत्रे आणि कोल्हे होते. आता त्यात उन्हाची भर पडली आहे. थंडीतली घरटी सहसा निभावतात, फेब्रुवारीनंतरच्यांना राखावं लागतं.

हे कासव वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. वनखात्याच्या परवानगीशिवाय अंड्याला हात लावायचा नाही.

पहाटे उजाडायच्या आत किनारा चाला. मादीचा माग दिसला की तो जिथे वळतो तिथली विस्कटलेली वाळू तळहातानं दाबत जा. घरट्यावर हात जरा आत जातो. काही जण काठी खुपसतात, मी नाही खुपसत, अंडं फुटतं. शंभर-सव्वाशे अंडी निघतात, ओलसर, चिकट, टेबल टेनिसच्या चेंडूएवढी. पाटीत त्याच घरट्यातली ओली वाळू पसरा आणि एकेक अंडं वरची बाजू वरच ठेवून लावा. धुवायचं नाही, पुसायचं नाही. दोन-तीन तासांत ती हॅचरीत पोचली पाहिजेत. पुढे आतला जीव कवचाला वरच्या बाजूनं चिकटतो, आणि मग अंडं फिरलं की तो मरतो. मोटरसायकलवरून पाटी नेऊ नका, चालत न्या.

खड्डा मूळ घरट्याएवढाच खोल, साधारण दीड फूट. तोंड अरुंद, पोट रुंद, मडक्यासारखा. दोन घरट्यांत तीन फूट अंतर ठेवा, कारण शेवटच्या दिवसांत अंडी स्वतःच ऊब टाकतात आणि ती शेजाऱ्यालाही लागते. वर टोपली, टोपलीला तारीख.

आता वाळूचं. अंडी लावतानाच डिजिटल थर्मामीटरची तार मध्यभागी सोडा आणि रोज दुपारी चारला आकडा वहीत लिहा. साधारण ३० अंशांच्या आसपास नर-मादी दोन्ही निघतात, त्याहून गरम वाळूत माद्याच जास्त. ३४-३५ वर पारा टिकून राहिला तर पिल्लं आतच दगावतात. तगली तरी लहान आणि मंद निघतात. उन्हानं पिळलेल्या अंगात बुरशी-जंतूंशी झगडायला बळ उरत नाही, अन् पुढे समुद्रही वाट पाहत असतोच.

आम्ही नारळाची झापं वापरतो, डोक्याच्या उंचीवर, चारी बाजूंनी वारा खेळेल अशी बांधून. अकरा ते चार सावली, नंतर झापं काढतो. दिवसभर झाकून वाळू फार गार केली तर सगळे नरच व्हायचे. झापं घातली तरी पारा ३२ च्या वर रेंगाळला की रांजणात रात्रभर निवलेलं विहिरीचं पाणी संध्याकाळी घरट्याभोवती शिंपडते. किती शिंपडायचं? वीतभर खालची वाळू मुठीत दाबली तर लाडू वळला पाहिजे, बोटांतून पाणी गळता कामा नये. गच्च ओल्या वाळूत अंड्यांना श्वास मिळत नाही आणि बुरशी धरते.

पिल्लं वर आली की त्यांना टबात पाण्यात ठेवायचा मोह आवरा. पोटातल्या बलकावरच त्यांना पहिले दिवस काढायचे असतात, टबात पोहून तो संपतो. पहाटे किंवा सूर्य कलल्यावर सोडा, पाण्यापासून वीस-तीस पावलं अलीकडे, आणि चालू द्या. पाहुण्यांना रेषेमागे उभं करा, फ्लॅश बंद. एखादं पिल्लू उलटं पडून सरळ होईना तर सावलीत ओलसर वाळूवर निवू द्या, संध्याकाळी पुन्हा सोडून बघा. मोठं कासव किनाऱ्याला लागलं तर पाण्यात परत ढकलू नका. डोळ्यांवर ओलं फडकं न घालता फक्त पाठ ओली ठेवा, माणसं लांब करा आणि वनखात्याच्या हॅलो फॉरेस्टला, १९२६ वर, फोन लावा.

पिल्लं निघून दोन-तीन दिवस झाले की घरटं उपसा. रिकामी कवचं, न फळलेली अंडी, मेलेली पिल्लं वेगवेगळी मोजा. अंड्यावर बुरशीचे डाग दिसले तर ती वाळू हॅचरीबाहेर लांब टाका आणि हातमोजे बदलल्याशिवाय दुसऱ्या घरट्याला शिवू नका. पुढच्या हंगामात हॅचरी त्याच चौकोनात बांधायची नाही. आम्ही दर वर्षी ती शंभरेक पावलं सरकवतो, सुरूच्या बनाच्या सावलीकडे, पण मुळं लागणार नाहीत इतकी अलीकडे.