हा मिलिमीटर कोणाचा?

दंतरेडिओलॉजीत पदव्युत्तर शिक्षणाला आले तेव्हा माझी एक ठाम समजूत होती: संशोधन म्हणजे एक्स-रेमध्ये इतरांना न दिसलेलं आपल्याला दिसणं. हाडांच्या ठिसूळपणाचा विषय घेतला तोही त्याच भरात. दातांसाठी काढलेल्या ओपीजीत, म्हणजे दोन्ही जबडे एकत्र दाखवणाऱ्या एक्स-रेत, खालच्या जबड्याची खालची कड आयती दिसते. ती पातळ किंवा सच्छिद्र झाली असेल, तर कंबर-खुब्याची हाडं विरळ झालेली असण्याची शक्यता वाढते. ओपीजी निघालेलाच असतो, जादा किरणं द्यावी लागत नाहीत. मला वाटलं, आता नुसतं मोजायचं.

मोजलं. मेंटल फोरामेनच्या (खालच्या जबड्यात नस बाहेर येते त्या छिद्राच्या) खाली, जबड्याच्या कडेला काटकोनात रेघ टाकून कॉर्टेक्सची, म्हणजे हाडाच्या बाहेरच्या घट्ट थराची जाडी. तक्ता घेऊन गाईडकडे गेले. मॅडमनी आकड्यांवरून नजर फिरवली आणि विचारलं, "हा मिलिमीटर कोणाचा?"

प्रश्न कळायलाच मला वेळ लागला. ओपीजीत प्रतिमा मुळापेक्षा मोठी उमटते, साधारण 20 ते 30 टक्के, आणि हे प्रमाण यंत्रागणिक आणि रुग्णाचा जबडा यंत्रात कसा बसला त्यानुसार बदलतं. मी दोन यंत्रांवरच्या प्रतिमा जेपीजी करून एकाच ढिगात मोजल्या होत्या. त्या रूपांतरात पिक्सेलचं मापही हरवलं होतं. बरं, युरोपातल्या ऑस्टिओडेंट प्रकल्पात 45 ते 70 वयाच्या 671 स्त्रियांचा अभ्यास झाला, आणि त्यातून पुढच्या तपासणीसाठी पाठवण्याची जी सीमा सुचवली गेली ती होती 3 मिलिमीटरची. माझा तक्ता अर्ध्या मिलिमीटरने इकडे-तिकडे झाला की अर्धे रुग्ण सीमेपलीकडे उड्या मारत होते. सगळं काम पुन्हा, मूळ डायकॉम फाइल्सवर, म्हणजे वैद्यकीय प्रतिमा ज्या स्वरूपात साठवतात त्या फाइल्सवर. त्यातही एक मेख आहे: फाइलमध्ये पिक्सेलचं माप लिहिलेलं असलं, तरी मॅग्निफिकेशन त्यात आधीच वजा केलंय की नाही, हे यंत्र बनवणाऱ्याच्या कागदपत्रांत बघावं लागतं. हे मला कुठल्याही वर्गात शिकवलं गेलं नाही.

दुसरा धडा जास्त झोंबला. मोजमापाऐवजी नुसतं बघून वर्ग ठरवायची एक पद्धत आहे, 1994 मध्ये क्लेमेटी आणि सहकाऱ्यांनी मांडलेली. कॉर्टेक्सची आतली कड दोन्ही बाजूंना स्वच्छ, सरळ असेल तर सी-1. तिला चंद्रकोरीसारख्या खोबणी पडल्या असतील किंवा एक ते तीन पापुद्रे सुटलेले दिसत असतील तर सी-2. पापुद्र्यांचे थर होऊन कड उघडच सच्छिद्र झाली असेल तर सी-3. वाचायला सोपं. मी एक संच वाचला, तीन आठवड्यांनी तोच संच क्रम बदलून पुन्हा वाचला, आणि माझंच माझ्याशी जमेना. सी-3 वर मतभेद कमी होते, पण सी-1 आणि सी-2 च्या मधल्या पट्ट्यात मी सरळ नाणं उडवत होते. काही ओपीजींत तर हायॉइड हाडाची सावली कडेवर पडली होती आणि मी तिलाच झीज समजले होते.

म्हणून नव्याने येणाऱ्यांना माझं सांगणं असं: विषय निवडण्याआधी वीस-तीस ओपीजी दोनदा वाचा आणि स्वतःचा कप्पा (kappa, दोन वाचनं किती जुळली ते सांगणारा आकडा) काढा. नुसती टक्केवारी फसवते, कारण योगायोगानेही बरंच जुळतं. कप्पा तो योगायोगाचा भाग वजा करतो. आणि इथले वर्ग चढत्या क्रमाचे असल्याने भारित कप्पा घ्या, म्हणजे सी-1 ला सी-3 म्हणण्याची चूक सी-2 म्हणण्यापेक्षा मोठी धरली जाते. संख्याशास्त्रज्ञाला भेटायचं ते प्रतिमा गोळा करण्याआधी. नंतर गेलात तर तो फक्त अभ्यासाच्या मृत्यूचं कारण सांगतो.

गणिताची भीती असेल तर एवढं एक उदाहरण हाताने करून बघा. धरून चालू, 1000 स्त्रियांपैकी 100 जणींना ऑस्टिओपोरोसिस (हाडांचा ठिसूळपणा) आहे आणि आपल्या चाचणीची संवेदनशीलता (आजारी ओळखण्याचं प्रमाण) आणि विशिष्टता (निरोगी ओळखण्याचं प्रमाण) दोन्ही 80 टक्के आहेत. 100 पैकी 80 जणी सापडतील. उरलेल्या 900 पैकी 180 जणींवर मात्र उगाच ठपका येईल. म्हणजे आपण बोट दाखवलेल्या 260 जणींपैकी 180 जणींना तो आजार नाही. हे आकडे पोटात घेतल्यावरच ओपीजीची जागा कळते: निदान डेक्सावर, म्हणजे हाडांची घनता मोजणाऱ्या तपासणीवर होतं, जागतिक आरोग्य संघटनेने 1994 मध्ये घालून दिलेल्या उणे 2.5 या टी-स्कोअरच्या (तरुण निरोगी हाडांशी तुलना करणाऱ्या आकड्याच्या) सीमेवर. आपण फक्त कुणाला तिकडे पाठवावं ते सुचवतो.

रोजच्या कामाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. रिपोर्टिंग, विद्यार्थ्यांची प्रात्यक्षिकं, आणि उरलेल्या वेळात संशोधन. वेळ उरत नाही, काढावा लागतो. नीतिसमितीची परवानगी आधी घ्या, जुन्या प्रतिमा वापरत असलात तरी. आणि केवळ अभ्यासासाठी म्हणून कुणाला किरणं द्यायचा मोह नको. अंतःस्रावी ग्रंथींचे तज्ज्ञ आणि भौतिकशास्त्रज्ञ यांच्याशी ओळख वाढवा. सीबीसीटीतल्या (जबड्याच्या त्रिमितीय स्कॅनमधल्या) करड्या छटांना हाडाची घनता समजून लिहिलेला माझा एक मसुदा एका भौतिकशास्त्रज्ञाने दहा मिनिटांत मोडीत काढला. त्या छटा वैद्यकीय सीटीच्या हाउन्सफील्ड एककांसारख्या (घनता दाखवणाऱ्या ठरावीक मापासारख्या) स्थिर नसतात.

सध्या सगळे एआयकडे धावतात. धावा, पण एकाच रुग्णाच्या दोन प्रतिमांपैकी एक शिकवण्याच्या संचात आणि दुसरी चाचणीच्या संचात गेली नाही ना, ते आधी बघा. आणि ठिसूळ हाडांचे ओपीजी एका यंत्रावरचे, निरोगी दुसऱ्या यंत्रावरचे असतील, तर मॉडेल हाड नाही, यंत्र ओळखायला शिकतं. म्हणजे पुन्हा मॅडमचाच प्रश्न.

नोकरीच्या पहिल्या वर्षी एका बाईंचा ओपीजी बघून मी पटकन बोलून गेले, "हाडं ठिसूळ झालेली दिसतात." त्यांचा चेहरा उतरला. पुढचे काही दिवस त्या जिना चढायलाही घाबरत होत्या, हे त्यांच्या मुलीकडून कळलं. डेक्सा झाली, ती नॉर्मल आली. रिपोर्ट घेऊन त्या परत आल्या, रागावल्या नव्हत्या, पण विचारलं, "मग डॉक्टर, तुम्ही काय पाहिलंत?"

मी ओपीजी पडद्यावर उघडला आणि कडेवर बोट ठेवून ती कुठे पातळ दिसतेय ते दाखवलं. त्यांनी चष्मा लावून नीट पाहिलं. "एवढंच?" म्हणाल्या. एवढंच होतं. तेव्हापासून रिपोर्टमध्ये मी लिहिते: 'मेंटल फोरामेनखालील कॉर्टेक्स पातळ दिसते, इतर जोखीम लक्षात घेऊन हाडांच्या घनतेची तपासणी करण्याचा विचार व्हावा.' आणि रुग्ण समोर असेल तर 'दिसते' या शब्दावर जरा थांबते.