टाकीतलं इंधन आणि नाचणारा आकडा

घरी बांधलेल्या विमानाच्या टाकीत इंधन किती आहे ते मोजायला मी कपॅसिटिव्ह सेन्सर (कपॅसिटन्स, म्हणजे विद्युतभार साठवण्याची क्षमता मोजणारा) बसवला, म्हणजे एकात एक अशा ॲल्युमिनियमच्या दोन नळ्या. हवेचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक (मधल्या पदार्थामुळे ही क्षमता किती पट होते तो आकडा) 1, पेट्रोलचा साधारण 2. नळ्यांमध्ये इंधन चढलं की कपॅसिटन्स वाढतो. पण वायरला नुसता हात लागला तरी आकडा नाचायचा! दोन दिवस उगाच कोड तपासत बसलो. खोट लांब वायरमध्येच होती, तिचा स्वतःचा कपॅसिटन्स मोजमापात मिसळत होता. कपॅसिटन्सनुसार सिग्नलची फ्रिक्वेन्सी (सेकंदाला किती कंपनं) बदलणारं ऑसिलेटरचं सर्किट थेट नळीच्या डोक्यावर बसवलं. आता वायरमधून फक्त ही फ्रिक्वेन्सी येते. मग शेपूट उचलून, विमान उड्डाणाच्या स्थितीत ठेवून, पाच-पाच लिटर ओतत कॅलिब्रेशन केलं, म्हणजे किती लिटरला कोणता आकडा ते जुळवून घेतलं. इथेनॉलमिश्रित पेट्रोल भरलं तर मात्र आकडा फुगतो (इथेनॉलचा स्थिरांक 24च्या आसपास), म्हणून उड्डाणापूर्वी टाकीत डिपस्टिक (पातळी मोजायची खुणांची पट्टी) बुडवतोच.