साईड मिररचा हीटर चालत नाही? नवा मिरर घ्यायच्या आधी या चुका टाळा

दिवाळी झाली की कृष्णाकाठाला सकाळचं धुकं उतरायला लागतं, कराडपासून खाली पलूस, सांगलीपर्यंत, आणि रात्रभर अंगणात लावलेली गाडी दवानं चिंब भिजलेली असते. पुढच्या काचेला वायपर आहे, मागच्याला डिफॉगर आहे (काच तापवून दव घालवणाऱ्या तारा), राहतात ते साईडचे आरसे. ज्यांच्या गाडीला हीटेड मिरर आहेत ते बटन दाबतात, काय होत नाही, मग कुठंतरी दाखवतात आणि उत्तर मिळतं की पूर्ण असेंब्ली, म्हणजे काच, मोटर, कव्हर सगळा आरसाच, बदलावी लागेल. जरा थांबा. बऱ्याच वेळा असेंब्ली ठणठणीत असते आणि घोळ वायर, कनेक्टर नाहीतर फ्यूजमधे असतो, आणि कधी कधी तर हीटर बिघडलेलाच नसतो.

आधी आत काय असतं ते बघू. आरशाच्या काचेच्या पाठीमागं एक पातळ शीट चिकटवलेली असते, तिच्यावर धातूच्या फॉईलचे किंवा कार्बन शाईचे पट्टे आणि बाहेर आलेल्या दोन चपट्या पिना. त्यातनं 12 व्होल्टचा करंट गेला की शीट तापते आणि काच गरम होते, बास. एका आरशाला साधारण 10 ते 25 वॅट लागतात, म्हणजे एक-दोन अँपिअर. निरभ्र रात्री काच आपली उष्णता आभाळाकडं सोडून हवेपेक्षाही थंड होते आणि म्हणून तिच्यावर दव धरतं, हीटर काचेला परत थोडी गरम करतो की दव उडून जातं. (पत्र्याच्या शेडखाली लावलेल्या गाडीवर दव कमी का, तर ह्याच कारणानं. शेड असेल तर निम्मा प्रश्न तिथंच मिटला.)

गाडीत हीटर आहे हे गृहीत धरू नका

ही सगळ्यात कॉमन चूक. बटनावर चौकोन आणि त्यात तीन वळणदार बाण असतात ते मागच्या काचेच्या डिफॉगरचं चिन्ह. हीटेड मिरर असलेल्या बऱ्याच गाड्यांत त्याच बटनावर आरसेही चालू होतात, पण म्हणून मागं डिफॉगर आहे म्हणजे आरशातही हीटर असणार असं अजिबात नाही. आपल्याकडच्या कितीतरी मॉडेलमधे तो फक्त टॉप व्हेरियंटला असतो नाहीतर नसतोच. मॅन्युअल उघडा, आरशाच्या कोपऱ्यात छोटं चिन्ह छापलंय का बघा, आणि खात्रीच करायची तर काच थोडी कलती करून टॉर्च मारून पाठीमागं दोन वायरी दिसतात का बघा.

दुसरं, बटन दाबून दहा सेकंदात काच कोरडी होईल ही अपेक्षा सोडा. इंजिन चालू पाहिजे, बऱ्याच गाड्यांत त्याशिवाय हीटर लागतच नाही. चार-पाच मिनिटं जाऊ द्या आणि मग हाताची मागची बाजू दोन्ही काचांना लावून बघा. ही टेस्ट पहाटेच करा, दुपारी उन्हात उभ्या गाडीचा आरसा तसाही चटका देतो, त्यातनं काय कळणार. आणि साधारण दहा ते वीस मिनिटांनी टायमर आपोआप बंद करतो, तो बिघाड नाही.

पावसाळ्यातली तक्रार वेगळी. पसरणी घाटात नाहीतर केळघरला जुलैचा पाऊस धो धो लागला की हीटर चालू असूनही आरशावर थेंब राहतातच. हिशोब सोपा आहे, एक ग्रॅम पाण्याची वाफ करायला साधारण सव्वादोन ते अडीच हजार ज्यूल लागतात, 15 वॅटचा हीटर सगळी उष्णता पाण्यालाच देतो असं धरलं तरी अडीच मिनिटं गेली, तेवढ्यात पुढच्या ट्रकनं बादलीभर पाणी उडवलेलं असतं. दव, धुरकटपणा, बारीक थेंब एवढंच त्याचं काम. आणि धुक्यातनं पलीकडचं दाखवणं तर त्याचं काम नाहीच, काच स्वच्छ होईल पण मागं धुकंच दिसणार.

आपल्या भागाची अजून एक गंमत म्हणजे गाळप हंगाम. साखर कारखान्याच्या आसपास राहणाऱ्यांना माहिती आहे, चिमणीतनं उडालेली बगॅसची (जाळलेल्या उसाच्या चोथ्याची) काजळी पहाटे गाडीवर बसलेली असते. ती दवात मिसळते, हीटर पाणी वाळवतो आणि काचेवर काळपट डाग तसाच राहतो, मग माणूस म्हणतो हीटर काम करत नाही. हीटर चालू करायच्या आधी ओल्या फडक्यानं काच पुसा. कोरड्या फडक्यानं घासू नका, चरे पडतात.

कुठं बिघडलंय ते आधी ठरवा

खरा बिघाड शोधायचा तर एक गोष्ट बघा, काय काय बंद आहे. मागची काच आणि दोन्ही आरसे, तिन्ही बंद असतील तर फ्यूज, रिले (बटनाच्या इशाऱ्यावर मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) किंवा बटन. बटन दाबल्यावर रिलेचा टक आवाज येतो का ऐका. मागची काच चालते आणि दोन्हीच आरसे थंड, तर काही गाड्यांत आरशांना वेगळा फ्यूज असतो, तो आधी बघा. एकच आरसा थंड असेल तर मग फ्यूजबॉक्स उचकटत बसू नका, बिघाड त्याच दरवाजात किंवा आरशात आहे. आणि फ्यूज उडाला असेल तर तेवढ्याच अँपिअरचा टाका राव, 10 च्या जागी 20 टाकून "आता उडत नाही बघा" म्हणणारे भेटतात, उडत नाही कारण आता फ्यूजच्या ऐवजी वायर जळणार.

एकाच बाजूचा आरसा बंद, तोही ड्रायव्हर साईडचा, तर दरवाजा आणि बॉडीच्या मधला काळा रबरी बूट बघा. तो दरवाजा सगळ्यात जास्त वेळा उघडझाप होतो आणि आतल्या वायरी वाकून वाकून तुटतात, वरनं इन्सुलेशन शाबूत, आतनं तांबं तुटलेलं. दरवाजा अर्धा उघडल्यावर हीटर चालतो आणि बंद केल्यावर जातो, किंवा त्याच दरवाजाची पॉवर विंडोही मधेच अडकते, असं असेल तर तिथंच शोधा. फोल्ड होणाऱ्या मिररमधे बिजागराजवळही हेच होतं.

आता काच काढून तपासायची वेळ आली तर घाई करू नका. एका बाजूनं काच आत दाबायची आणि दुसऱ्या बाजूच्या फटीत प्लास्टिकची पट्टी घालून हळू उचलायची, स्क्रू ड्रायव्हर घातला की कोपरा गेलाच. काचेवर आधी चिकटपट्टी मारा, म्हणजे फुटली तरी तुकडे उडणार नाहीत, आणि हातात ग्लोव्हज घाला. थंडीत प्लास्टिकच्या क्लिपा कडक होतात, हेअर ड्रायरनं थोडी ऊब द्या. काच निघाली की पिनांची कनेक्टरं ओढताना वायर धरून कधीच ओढायचं नाही. एका हातानं शीटवरची पिन धरायची आणि नोज प्लायरनं कनेक्टर सरळ मागं घ्यायचा. पिन शीटवरनं उपटली तर साधं सोल्डर कार्बनच्या पट्ट्यावर धरत नाही आणि मग नव्या काचेशिवाय पर्याय उरत नाही.

मल्टीमीटरनं दोन पिनांमधला रेझिस्टन्स बघा. 12 व्होल्टला 15 वॅट म्हणजे साधारण साडेनऊ ओहम, त्यामुळं पाच ते पंधराच्या मधे काय आलं तर शीट चांगली आहे. काहीच दाखवत नसेल तर आतला पट्टा तुटलाय. मग वायरीकडं या, इंजिन आणि बटन चालू ठेवून व्होल्टेज बघा, पण नुसत्या मीटरवर विश्वास ठेवू नका. गंजलेली किंवा एका धाग्यावर लटकलेली वायरसुद्धा मीटरला बारा व्होल्ट दाखवते, लोड आला की बसते. टेस्ट लॅम्प, म्हणजे दोन वायरी जोडलेला 12 व्होल्टचा साधा बल्ब, लावा, बल्ब मिणमिणला तर वायर खराब.

ज्यांच्या आरशात रात्री मागच्या गाडीचा उजेड आपोआप मंद होतो, त्यांनी इथं फार जपायचं. त्या काचेला दोन ऐवजी चार किंवा जास्त वायरी असतात, हीटरच्या वेगळ्या आणि डिमिंगच्या वेगळ्या. डिमिंगचा थर जेमतेम दीड व्होल्टच्या आत चालतो. बॅटरीवरनं थेट बारा व्होल्ट देऊन "बघू गरम होतंय का" असला प्रयोग चुकीच्या पिनांवर झाला तर चांगला महागडा आरसा दोन सेकंदात भंगारात.

बदललेली काच

आरसा कधी घासला गेला होता का, हे जुनी गाडी घेताना तर नक्की विचारा. फुटलेल्या काचेच्या जागी साधी कापलेली काच चिकटवून देतात, दोन-तीनशे रुपयात काम होतं, पण हीटरच्या वायरी आत टेप गुंडाळून तशाच लोंबत असतात. काही जण फुटक्या काचेवरच नवी काच चिकटवतात, मग खालचा हीटर चालू असला तरी मधल्या डिंकातनं आणि दुप्पट काचेतनं उष्णता वर यायला वेळ लागतो.

गरम पाणी ओतू नका, महाबळेश्वरला वेण्णा लेक, लिंगमळ्याकडं हिमकण पडतात तेव्हा हे हमखास करतात आणि काच तडकते. ऑनलाईन मिळणारी अँटी फॉग फिल्मही हीटेड आरशावर लावू नका, रोज तापून निवून तिच्याखाली फुगे धरायची शक्यता असते.

नवी काच घ्यायचीच झाली तर फक्त काच मिळते का ते आधी विचारा, बऱ्याच मॉडेलला असेंब्लीशिवाय मिळते. दुकानात जाताना जुन्या काचेच्या पाठीमागचा फोटो घेऊन जा, पिना किती आणि कुठं आहेत ते दिसलं पाहिजे. बाजू सांगताना "ड्रायव्हर साईड" किंवा "क्लिनर साईड" असंच सांगा, डावी-उजवी म्हटलं की गाडीकडं तोंड करून का आत बसून हा घोळ होतो. आणि फिटिंगवाल्यानं काच दाबून बसवायच्या आधी दोन्ही पिना लावून, इंजिन चालू करून हात लावून बघा, एकदा क्लिपा बसल्या की परत काढायला कोणी तयार होत नाही.