१२३४५६७८९८७६५४३२१ चे गुणधर्म काढताना या चुका टाळा

नऊ एकांचा, म्हणजे १११११११११ चा वर्ग केला की १२३४५६७८९८७६५४३२१ येतो. देवळालीचे शिक्षक द. रा. कापरेकर यांनी अशा संख्यांना ‘डेम्लो संख्या’ म्हटलं. जी.आय.पी. रेल्वेवरच्या (आजच्या मध्य रेल्वेवरच्या) ज्या स्टेशनात त्यांना ही कल्पना सुचली, त्याचं ते नाव. संख्या इतकी देखणी आहे की हिशेबाआधीच डोळे निकाल देऊन मोकळे होतात.

सगळ्यात मोठा घोळ एक्सेलमध्ये होतो. संख्या १७ अंकी, आणि एक्सेल जपतं १५ च अंक. शेवटच्या दोन अंकांची शून्यं होऊन १२३४५६७८९८७६५४३०० उरतं आणि ‘१०० ने निःशेष भाग जातो’ असं चक्क खोटं उत्तर मिळतं. वर्गमूळ काढलं तरी सेलमध्ये १११११११११ च दिसतं, त्यामुळे संशयही येत नाही. सेल आधी ‘टेक्स्ट’ केला तर अंक शाबूत राहतात, पण सूत्रात घेतले की पुन्हा तेच. अशा कामाला पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा वापरा, तिथे पूर्णांक कितीही मोठा असो, अचूक राहतो. मात्र भागाकाराला दोन तिरक्या रेघा (//) द्या. एकच दिलीत तर उत्तर दशांशात जातं आणि शेवटचे अंक बिघडू शकतात.

अंकांची बेरीज ८१ येते, म्हणून ८१ ने भाग जातो असं लिहू नका. बेरजेची कसोटी ३ आणि ९ पुरतीच आहे. ९९८१ ची बेरीज २७, तरी २७ ने भागल्यावर १८ उरतात. आपल्या संख्येला ८१ ने भाग जातो हे खरं, पण त्याचं कारण वेगळं: १११११११११ ला ९ ने भाग जातो, आणि ही तिचा वर्ग आहे.

१११११११११ ला ९ ने भागलं की १२३४५६७९ मिळते. ३१ पर्यंतच्या एकाही मूळ संख्येने तिला भाग जात नाही, आणि तिथेच कंटाळून ‘मूळ संख्या’ असा शेरा मारला जातो. पुढचीच मूळ संख्या ३७, आणि १२३४५६७९ = ३७ × ३३३६६७! वर्गमुळापर्यंत तपासल्याशिवाय कोणत्याही संख्येला मूळ म्हणू नये. ३३३६६७ साठी ५७७ पर्यंत जावं लागतं. काम रटाळ आहे, पण एकदा हाताने कराच. ती खरोखरच मूळ आहे.

आता विभाजक. १११११११११ = ३² × ३७ × ३३३६६७, तिचे विभाजक १२ आहेत, म्हणून वर्गाचे २४ किंवा १४४ असतील हा अंदाज चुकीचा. वर्गात दुप्पट होतात ते घातांक: ३ चा ४, ३७ चा २, ३३३६६७ चा २. प्रत्येकात एक मिळवून गुणाकार करा, ५ × ३ × ३ = ४५. उत्तर सम आलं तर कुठेतरी चुकलंय, कारण पूर्ण वर्गाच्या विभाजकांची संख्या नेहमी विषमच असते.

आणि हा चढता-उतरता नमुना पुढे ताणू नका. दहा एकांच्या वर्गात मधल्या जागी १० येतात: शून्य ठेवून हातचा एक. डावीकडचा ९ त्यामुळे १० होतो, पुन्हा शून्य, पुन्हा हातचा, आणि त्याच्या अलीकडच्या ८ चा ९ होतो. उत्तर १२३४५६७९००९८७६५४३२१.