"देवानं ते झाड लावलंच कशाला?" : शब्बाथ शाळेत हा प्रश्न कसा घ्यावा

शब्बाथ शाळेतल्या, म्हणजे चर्चच्या रविवारच्या धर्मशिक्षणाच्या शाळेतल्या, मोठ्या मुलांचा वर्ग तुमच्याकडे असेल, तर बायबलमधल्या उत्पत्तीचा तिसरा अध्याय (देवानं मना केलेल्या झाडाचं फळ आदाम-हव्वा खातात तो) निघाला की कोणीतरी विचारणारच, "सर, हे फळ खाणार हे देवाला ठाऊक होतं ना? मग ते झाड लावलंच कशाला?" मी साताऱ्यात पोवई नाक्याजवळ झेरॉक्सचं दुकान चालवतो आणि रविवारी उपासनेआधी आठवी ते दहावीची मुलं घेतो. धर्मशास्त्राची पदवी माझ्याकडे नाही. हा धडा कसा घेतला की मुलं जागी राहतात, एवढं मात्र सांगू शकतो.

'देवानं निवडायची मोकळीक दिली, नाहीतर आपण यंत्रमानव झालो असतो' या वाक्यानं सुरुवात करू नका. वाक्य चूक नाही, पण मुलांनी ते मोबाइलवर ऐकून ऐकून गुळगुळीत केलेलं असतं. आणि एखादी हुशार पोर लगेच म्हणते, "मग झालो असतो तर बिघडलं काय असतं? निदान कोणी कोणाला मारलं तरी नसतं." तिच्या बोलण्यात दम आहे. तिला गप्प करायला जाऊ नका.

त्याऐवजी वर्गातलंच एखादं भांडण हाताशी घ्या, ते कुठल्याही रविवारी मिळतं. आमच्याकडे एकानं दुसऱ्याची पेन्सिल पळवली आणि टोक मोडून परत दिली. मी म्हटलं, "सॉरी म्हण." तो खिडकीकडे बघत, पायानं बाक ढकलत "सॉरी" म्हणाला. मी पेन्सिलवाल्याला विचारलं, "मिळालं का?" तो म्हणाला, "हे तुम्ही म्हणायला लावलंय सर. याचं मी काय करू?" अशा वेळी मास्तरानं लगेच तोंड उघडू नये. माफी, माया, विश्वास यांची वसुली करता येत नाही, हे पोराच्या तोंडून आलं की निम्मा धडा झाला. देवाला आपल्याकडून हवं आहे ते याच जातीचं, एवढंच आपण जोडायचं.

मग शास्त्र उघडा. वचनांचा भडिमार नको. अनुवाद ३०:१९ मध्ये मोशे लोकांपुढे जीवन आणि मरण ठेवतो आणि जीवन निवडा म्हणून विनवतो. देव काठावर बसून गंमत बघत नाही, त्याला काय हवं ते तो उघड सांगतो. तरी निवड लोकांनीच करायची आहे. हे पाच मिनिटांत होतं. लूक १५ मधल्या उधळ्या पुत्राच्या दाखल्याला मात्र वेळ द्या. मुलं त्याच्या परत येण्याकडे धावतात, त्यांना बाराव्या ओवीवर अडवा. धाकट्यानं वाटणी मागितली आणि बापानं दिली. का दिली? दाराला कडी का घातली नाही? बाप जिवंत असताना वाटणी मागणं म्हणजे काय, हे आपल्या भागातल्या पोरांना शिकवावं लागत नाही, प्रत्येकाच्या भावकीत एक तरी खटला चालू असतो. शेवटी मार्क १०:१७ पासूनचा श्रीमंत माणूस. येशूनं त्याच्याकडे पाहिलं आणि त्याच्यावर प्रीती केली, असं मार्क आवर्जून लिहितो. तरी तो खिन्न होऊन निघून जातो, आणि येशू त्याला अडवत नाही, सगळं विकून गरिबांना द्यायची अटही सैल करत नाही. जो प्रीती करतो तोच जाऊ देतो, हे मुलांना झोंबतं. झोंबू द्या.

गावातला दाखला हवा असेल तर ख्रिस्ती झालेले कवी रेव्हरंड ना. वा. टिळक यांचा द्या. १९१७ साली त्यांनी इथंच साताऱ्यात 'देवाचा दरबार' हा येशूच्या अनुयायांचा मेळा सुरू केला. त्यांचा बाप्तिस्मा १८९५ चा. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई तेव्हा त्यांच्याबरोबर गेल्या नाहीत, काही वर्षं ताटातूट झाली. पुढे त्या परत नांदायला आल्या, तरी बाप्तिस्मा घेतला तो स्वतःला पटल्यावर, १९०० साली. नवऱ्याच्या पाठोपाठ बायकोनं मुकाट जायचं, अशा काळातली ही गोष्ट आहे. मुलींना ती फार आवडते.

आता एक धोक्याची जागा. सगळ्या दुःखाचं खापर इच्छास्वातंत्र्यावर फोडू नका. काइनानं आपल्या भावाला, हाबेलला, मारलं ते या उत्तरात बसतं. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा कोयनेचा भूकंप त्यात तसा बसत नाही. (धरणाच्या पाण्यानं तो झाला असं शास्त्रज्ञ सांगतात, आणि धरण माणसानं बांधलं, असा फाटा एखादं पोरगं फोडेलच. फोडू द्या, पण ढिगाऱ्याखाली गेले त्यांनी काही निवडलं नव्हतं, हे त्याला विचारात घ्यायला लावा.) ज्याच्या मामाचं सांगलीतलं घर २०१९ च्या पुरात बुडालं, त्या मुलाला 'माणसानं चुकीची निवड केली म्हणून' असं सांगितलंत तर तो पुन्हा वर्गाला यायचा नाही, आणि न येण्यात त्याचं काही चुकणार नाही. लूक १३:४ वाचा. शिलोहाचा बुरूज पडून अठरा माणसं मेली. ती जास्त पापी होती का, यावर येशू सरळ नाही म्हणतो.

पाळकसाहेबांशी आधी बोलून घ्यावं असा भाग पुढे आहे. आपली इच्छा खरंच किती मोकळी? रोम ७:१९ मध्ये प्रेषित पौल म्हणतो, करावंसं वाटतं ते चांगलं मी करत नाही, नको ते वाईट करतो. परीक्षेच्या आदल्या रात्री मोबाइल खाली ठेवता न येणाऱ्या पोराला हे वचन समजावून द्यावं लागत नाही. यावरून ख्रिस्ती लोक शतकानुशतकं भांडले आहेत. १५२४ मध्ये विद्वान इरॅस्मसनं इच्छास्वातंत्र्याची बाजू मांडली, दुसऱ्याच वर्षी धर्मसुधारक ल्यूथरनं इच्छा पापाची बांधील आहे असं ठणकावलं. सांगली-मिरजेकडच्या मंडळ्यांना, म्हणजे चर्चना, प्रेस्बिटेरियन मिशनची परंपरा आहे, तिथल्या मुलांच्या घरी एक शिकवण असेल आणि मेथॉडिस्ट आजीकडे दुसरी. वर्गात पंच होऊ नका. आदाम-हव्वेला त्यांच्या इच्छेच्या स्वातंत्र्यावर सोडलं होतं, हे प्रेस्बिटेरियन लोक मानतात त्या वेस्टमिन्स्टरच्या १६४७ च्या लहान प्रश्नोत्तरीतही आहे. पापात पडल्यावर मात्र देवाच्या कृपेशिवाय उठता येत नाही, इथवर बहुतेकांचं जमतं.

"मग स्वर्गात पाप करता येईल का? नसेल तर तिथं स्वातंत्र्य कुठं राहिलं?" हा प्रश्न आला तर खूश व्हा, वर्ग चालतोय. चौथ्या-पाचव्या शतकातल्या ऑगस्टिन या ख्रिस्ती विचारवंतानं यावर विचार केला होता: आदामाला पाप टाळता येत होतं, तारलेल्यांना शेवटी पाप करावंसंच वाटणार नाही, आणि हे दुसरं स्वातंत्र्य पहिल्यापेक्षा मोठं. मुलांना हे एकदम पटत नाही. तेव्हा त्यांना गेथशेमाने बागेत न्या, येशूला पकडलं त्या रात्री. तिथं येशू 'माझ्या इच्छेप्रमाणे नको, तुझ्या इच्छेप्रमाणे होवो' म्हणतो. त्या रात्री तिथून पळून गेलेले शिष्य जास्त मोकळे होते की तो, असं विचारा आणि उत्तरं येऊ द्या.

आणि या धड्याच्या शेवटी "कोणी कोणी येशूला स्वीकारलं, हात वर करा" करू नका. काही ठिकाणी ती पद्धत आहे. शेजारच्याचा वर गेला म्हणून हात वर जातात, आणि तासभर आपण जे शिकवलं ते मास्तरच मोडतो. प्रार्थना करा, वर्ग सोडा. ज्याला बोलायचं असेल तो चपला घालताना रेंगाळतो, त्याच्यासाठी दहा मिनिटं मोकळी ठेवा.