गावची शाळा शेतावर आणायची कशी

पोरांना शेतावर बोलावलं, हुरडा खाऊ घातला, फोटो काढला, झालं. आमचंही पहिल्या वर्षी असंच झालं. भर दुपारी साठ पोरं एकदम वावरात शिरली, ठिबकच्या नळ्या तुडवल्या, हरभऱ्याचे घाटे ओरबाडले. विहिरीकडं पळणाऱ्यांना हाका मारून मारून मास्तरांचा घसा बसला. पुढच्या वर्षांत हळूहळू जे जमत गेलं, ते इथं लिहितो.

आधी शाळेत जा. मुख्याध्यापकांना भेटा, शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत विषय मांडा. कायद्यानं या समितीत तीन चतुर्थांश पालक असतात, म्हणजे निम्मे तर आपलेच भाऊबंद. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या काळात 10 दिवस दप्तराविना सांगितलेत, त्याचा आधार घ्या. सगळी शाळा एकदम नको. एका वेळी एक वर्ग, सकाळचे दोन तास, पंचवीसच्या आत पोरं.

वावर पोरांच्या उंचीवरून बघा. विहिरीला कठडा नसेल तर तिकडची वाट दोरी बांधून बंद करा. मोटारीच्या स्टार्टरच्या पेटीला कुलूप, विळे-कोयते घरात, मारका बैल दुसऱ्या गोठ्यात. त्या आठवड्यात फवारणी करायचीच नाही. औषधाची रिकामी बाटली बांधावर दिसली की आधी ती उचला. एखादी भरलेली बाटली मात्र लांबून, स्वतःच्या हातात धरून दाखवा. तिच्यावरचा लाल त्रिकोण सगळ्यात जहाल विषाचा, मग पिवळा, निळा, हिरवा. घरी जाऊन पोरं बापाला विचारतात, आपल्या माळ्यावरच्या बाटलीला कुठला रंग आहे?

पोरांना खरं काम द्या. नुसतं बघायला आणलेली पोरं अर्ध्या तासात कंटाळतात. आमच्या सोयाबीनच्या पट्ट्यात सगळ्यात उपयोगी ठरली ती बियाण्याची उगवण चाचणी. एप्रिलमध्ये, सुट्टी लागायच्या आत, प्रत्येकानं घरच्या राखून ठेवलेल्या पोत्यातलं मूठ-दोन मूठ बी आणायचं. निवडून चांगलं-चांगलं आणायचं नाही, हे दोनदा बजावा.

गोणपाट भिजवून निथळून घ्या. त्यावर दहा-दहाच्या दहा ओळी, एकूण 100 दाणे. वरून दुसरं ओलं गोणपाट, अलगद गुंडाळी करायची, सावलीत ठेवायची. रोज पाण्याचा शिपका द्यायचा. चार-पाच दिवसांनी उघडून धडधाकट कोंब मोजायचे. 70 किंवा जास्त आले तर एकरी नेहमीचं 30 किलो बी पुरे. 60 च आले तर? इथं गणिताच्या बाईंना बोलवा, त्रैराशिक आहे: 35 किलो. 60 च्याही खाली गेलं तर ते बी पेरायच्या भानगडीत पडू नये.

सातवीतल्या एका मुलीच्या घरचं बी 52 निघालं. आजोबा म्हणाले, पोरांना मोजताच येत नाही. तिनं ती गुंडाळी घरी नेली आणि ओट्यावर उलगडली. आजोबांनी चष्मा लावून स्वतः मोजले, बराच वेळ काही बोलले नाहीत, मग विचारलं, "पोतं कुणी आपटलं होतं?" सोयाबीनचं साल पातळ असतं, पोतं उंचावरून टाकलं तरी बी आतून दुखावतं. ते पोतं अडतीवर गेलं. पेरणीच्या तोंडावर घरी पुन्हा एकदा चाचणी करायला सांगा, एप्रिल ते जून मोठा काळ असतो.

शाळेची परसबाग जूनला सुरू करा, जानेवारीत गुंडाळा. शाळेच्या आवारातल्या बागा पुढं वाळून जातात, कारण मे महिन्यात पाणी घालायला कुणीच नसतं. म्हणून मेथी, मुळा, भेंडी, गवार अशी लवकर हाताशी येणारी पिकं घ्या. भाजी थेट पोषण आहाराच्या पातेल्यात गेली पाहिजे. कुंपणाला दोन शेवगे लावा, एकदा रुजले की ते उन्हाळा काढतात. बियाणं, शेणखत आणि एक फावडं तुमच्याकडून. राखण पोरांकडं.

भाजी द्यायचीच तर स्वयंपाक करणाऱ्या ताईंना आदल्या दिवशी विचारून द्या. बाजारात भाव पडला म्हणून दहा क्रेट वांगी शाळेच्या दारात नेऊन टाकली की त्यांनाच निस्तरावं लागतं. घरात वाढदिवस किंवा वर्षश्राद्ध असेल तर तिथीभोजनाची, म्हणजे गावकऱ्यांनी शाळेतल्या पोरांना जेवण द्यायची सोय आहे, त्या दिवशी तुमच्या ज्वारीच्या भाकरी मुलांच्या ताटात जाऊ शकतात.

1 जुलैला, कृषी दिनी, चाचणीचे आकडे ग्रामपंचायतीच्या फळ्यावर पोरांच्या हातानं लिहून घ्या. पण आकड्यांपुढं घरांची नावं लिहू नका, हे अनुभवानं सांगतो.

आणि हुरडा? तोही कराच, पण पौषात, सगळ्यात शेवटी. त्यासाठी रब्बीच्या पेरणीत गूळभेंडी या हुरड्याच्या ज्वारीच्या चार ओळी बांधाकडेला वेगळ्या टाकून ठेवा, म्हणजे आगटीसाठी, कणसं भाजायच्या विस्तवासाठी, बाकीच्या ज्वारीला हात लावावा लागत नाही.